गुरामी: बंगालच्या भातखाचरातून नगरच्या फिश टँकपर्यंत

इतिहास म्हटलं की आपण किल्ला, लढाई, तह यांच्याकडेच वळतो. आज जरा वेगळी वाट धरू. आजच्या भागाचा नायक दोन-तीन इंचांचा आहे आणि नगरमधल्या बहुतेक अ‍ॅक्वेरियमच्या दुकानांत मिळतो. (नगर म्हणजे आपलं अहमदनगर. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर. बोलताना माझ्या तोंडी नगरच येणार, सांभाळून घ्या.)

नायकाचं नाव गुरामी. त्यातही छोटा गुरामी, दुकानात ज्याला 'ड्वार्फ गुरामी' म्हणतात तो. अंगावर लाल आणि निळसर तिरके पट्टे, पोटाखाली दोन लांब धाग्यांसारखे पर आणि वागणं एकदम निवांत. दुकानदार म्हणतो, "इम्पोर्टेड माल आहे, सिंगापूरचा." आपण खूश होतो, मासा घरी आणतो, आणि बऱ्याचदा महिन्या-दोन महिन्यांत तो मरतो. पाणी बदललं, औषध टाकलं, काही उपयोग होत नाही.

इथे दोन प्रश्न आहेत. एक, हा मासा मुळात भारतीय आहे, मग तो 'इम्पोर्टेड' कसा झाला? आणि दोन, तो इतका नाजूक कधीपासून झाला? कारण मूळचा गुरामी नाजूक बिलकुल नव्हता. या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच गोष्टीत आहे, आणि ती गोष्ट सव्वादोनशे वर्षांची आहे.

हवा गिळणारी मंडळी

आधी एक ओळखीचा मासा घेऊ: मरळ. आपल्याकडे बाजारात मरळ जिवंत विकायला येते, ओल्या पोत्यात किंवा टोपलीत. पाणी जेमतेम असतं, तरी ती तासन्‌तास जिवंत राहते. कारण मरळ नुसत्या कल्ल्यांवर जगत नाही. पाण्यावर तोंड काढून ती सरळ हवा घेते, आणि डोक्यात कल्ल्यांच्या वर असलेल्या कप्प्यात त्या हवेतला ऑक्सिजन शोषला जातो.

गुरामी त्याच मोठ्या गोतावळ्यातला. त्याच्या डोक्यातला कप्पा जास्त गुंतागुंतीचा असतो. पातळ हाडाच्या घड्यांवर घड्या आणि त्यांवर रक्तवाहिन्यांचं जाळं. फ्रेंच शास्त्रज्ञ क्युविए यानं १९व्या शतकाच्या पूर्वार्धात या रचनेला चक्रव्यूहाची उपमा दिली, म्हणून आजही या माशांना 'लॅबिरिंथ फिश' म्हणतात.

युरोपला या माशांबद्दल कुतूहल वाटायला लागलं तेही भारतामुळेच. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्रांकेबार, म्हणजे आजचं तरंगंबाडी, नावाची डेन्मार्कची वसाहत होती. तिथल्या डाल्डॉर्फ नावाच्या अधिकाऱ्यानं १७९७ मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं की त्यानं ताडाच्या झाडावर चढणारा मासा पाहिला. तो मासा म्हणजे 'क्लाइंबिंग पर्च', गुरामीचा भाऊबंद. झाडावर मासा! यावर पुढे कित्येक वर्षं वाद चालला. मासा खरंच चढतो की पक्षी त्याला उचलून तिथे टाकतात, इथपर्यंत चर्चा गेली. पण या वादातून एक गोष्ट पक्की झाली: पाण्याबाहेरची हवा घेऊन जगणारे मासे असतात, आणि ते भारतात भरपूर आहेत.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे गुरामी जगभर गेला तो याच एका गुणावर.

कंपनीचा डॉक्टर आणि 'लाल' नाव

आता बंगाल. फ्रान्सिस बुकॅनन हा स्कॉटलंडचा डॉक्टर, ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत. पुढे त्यानं आडनाव बदलून हॅमिल्टन केलं. १८०७ ते १८१४ या काळात कंपनीसाठी तो बंगाल-बिहारच्या जिल्ह्यांची पाहणी करत हिंडत होता. शेती, व्यापार, देवळं, रोगराई असं सगळं तो लिहून काढत होता. सोबत नद्या-बिलांतल्या माशांची वर्णनं आणि भारतीय चित्रकारांकडून काढून घेतलेली चित्रं जमा होत होती. १८१५ मध्ये तो मायदेशी निघाला तेव्हा चित्रांचा मोठा संग्रह कंपनी सरकारनं ठेवून घेतला. तरी १८२२ मध्ये एडिंबरोहून त्याचं गंगेतल्या माशांवरचं पुस्तक बाहेर पडलं.

या पुस्तकात आपला छोटा गुरामी पहिल्यांदा शास्त्राच्या वहीत आला. नाव काय ठेवलं? 'लालियस'. म्हणजे सरळसरळ 'लाल'! बंगालीत या माशांना खलिशा किंवा खोलशे म्हणतात. हॅमिल्टननं आणखी एका माशाला 'कोलिसा' म्हटलं, ते याच खलिशाचं लॅटिन वळण. पुढे कित्येक दशकं या माशांची सगळी प्रजातच 'कोलिसा' या नावानं ओळखली जायची. २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी फेरवाटणी केली आणि हे मासे 'ट्रायकोगॅस्टर'मध्ये गेले. ट्रायकोगॅस्टर म्हणजे ग्रीकमध्ये 'पोटाला केस असलेला'. ते पोटाखालचे दोन धागे आठवतात ना? गढूळ पाण्यात चाचपडायला आणि चव घ्यायला तो ते वापरतो.

'हनी गुरामी' नावाचा दुसरा छोटा मासा दुकानात मिळतो. तोही हॅमिल्टनच्याच पुस्तकातला. त्याचं नाव 'चुना'. यात एक गंमत आहे. या माशाचा नर विणीच्या काळात मधासारखा केशरी होतो आणि त्याचा गळा-पोट काळंनिळं होतं. मादी मात्र फिकट, अंगावर एक तपकिरी रेघ. दोघांत इतका फरक की हॅमिल्टनच्या पुस्तकात एकाच माशाची दोन वेगळ्या जाती म्हणून नोंद झाली, 'चुना' आणि 'सोटा'. मेलेला मासा बघून नाव दिलं की असं होतं. जोडी जिवंत, समोर, घरटं बांधताना बघितली असती तर हा घोळ झालाच नसता. पण त्यासाठी काचेची पेटी लागते, आणि ती अजून यायची होती.

मग 'गुरामी' हे नाव कुठलं?

ते आहे जावा बेटावरचं. तिथे 'गुरामे' नावाचा मोठा, खायचा मासा असतो. चांगला दीड-दोन फुटांचा होतो. १८व्या शतकात फ्रेंचांनी तो मॉरिशसला नेऊन तळ्यांत वाढवला. पुढे इंग्रजांनी तो कलकत्ता आणि मद्रासकडे आणून वाढवायचे प्रयत्न १९व्या शतकात पुन्हा पुन्हा केले. ताटातला मासा म्हणून त्याचं नाव साहेबांच्या तोंडी बसलं, आणि तशाच बांध्याच्या सगळ्या छोट्या माशांनाही तेच चिकटलं.

म्हणजे बघा, मासा बंगालचा, शास्त्रीय नावात शब्द 'लाल', आणि हाक मारायची जावाच्या भाषेत. इम्पोर्टेड व्हायला सुरुवात इथूनच झाली.

काचेची पेटी

आज आपण ज्याला 'प्लांटेड टँक' म्हणतो तो काही इन्स्टाग्रामचा शोध नाही. १८५० मध्ये लंडनचा रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यानं आपला प्रयोग मांडला. काचेच्या पेटीत दोन छोटे गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती, आणि कुजकी पानं-शेवाळ खायला गोगलगायी. वनस्पती ऑक्सिजन देते, मासा श्वास घेतो, घाण वनस्पतीच्या कामी येते. पंप नाही, फिल्टर नाही, तरी पाणी स्वच्छ राहिलं. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 'फिश हाउस' उघडलं. १८५४ मध्ये फिलिप गॉस याचं 'द अ‍ॅक्वेरियम' हे पुस्तक आलं, आणि 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्द घराघरांत पोचला.

पण अडचण अशी की उष्ण देशांतले मासे बोटीवर टिकत नव्हते. प्रवास काही आठवड्यांचा, भांडं छोटं, हवा खेळती ठेवायची सोय नाही. पाण्यातला ऑक्सिजन संपला की मासे उलटे. अशा वेळी टिकणार कोण? जो वर येऊन हवा गिळू शकतो तो!

पॅरिसमध्ये पिएर कार्बोनिए नावाचा मत्स्यपालक होता. १८६९ मध्ये चीनमधल्या फ्रेंच वकिलातीच्या मार्फत त्याच्याकडे 'पॅराडाइज फिश' पोचले. हेही लॅबिरिंथवालेच. कार्बोनिएनं त्यांची वीण घेतली आणि युरोपनं पहिल्यांदा घरात एक नवल पाहिलं: नर मासा तोंडातून बुडबुडे सोडून पाण्यावर फेसाचं घरटं करतो, मादीला वेढा घालतो, आणि पडलेली अंडी तोंडात उचलून घरट्यात ठेवतो. १८७०च्या दशकातच त्यानं भारतातून आलेल्या एका खलिशा माशाचीही वीण घेतली आणि त्याला 'भारताचा इंद्रधनुष्य मासा' म्हणून लोकांपुढे आणलं. पुढे २०व्या शतकाच्या सुरुवातीला छोटा गुरामी हॅम्बुर्ग बंदरातून जर्मन शौकिनांच्या घरी गेला. तिथून पुढे तो जगाचा झाला.

आणि आपण दख्खनवाले?

मासे आपल्याला नवे नव्हते. कल्याणीच्या चालुक्यांचा राजा तिसरा सोमेश्वर यानं १२व्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला. (हे कल्याण ठाण्याचं नाही हां, बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण.) त्यात 'मत्स्यविनोद' नावाचं प्रकरण आहे. माशांचे प्रकार, कोणत्या माशाला कोणतं खाद्य, गळ कसा टाकायचा, असं बारकाईनं दिलंय. विसाव्या शतकात भारतीय मत्स्यशास्त्रातलं मोठं नाव असलेल्या सुंदरलाल होरा यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून ते शास्त्रज्ञांपुढे आणलं.

नगरच्या निजामशाहीनं तर पाण्याची चैन केली. पर्जन्यछायेच्या या मुलखात भुयारी खापरी नळांनी लांबून पाणी आणलं, आणि १५८३च्या सुमारास फराहबक्ष महाल पुरा झाला, तोही तळ्याच्या मधोमध. महाल अजून उभा आहे, तळ्यात पाणी नाही. पण हे सगळं झालं राजाचं पाणी. सामान्य माणसाच्या घरात, खिडकीशेजारी, काचेमागे मासा ही कल्पना आपल्याकडे फार उशिरा आली.

महाराष्ट्रात ती रुजवण्यात मोठा वाटा मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचा. १९५१ मध्ये मरीन ड्राइव्हवर राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तारापोरवाला या पारशी दात्यानं त्यासाठी दोन लाख रुपये दिले होते, म्हणून ते नाव. शाळेच्या सहलीत राणीची बाग, गेटवे आणि मत्स्यालय हा ठरलेला बेत असायचा. नगर, नाशिक, सातारा कुठूनही एसटीनं आलेली पोरं तिथल्या काचेला नाक लावून उभी राहायची. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडलं, पण कोविडच्या टाळेबंदीत बंद झालं आणि इमारत धोकादायक ठरल्यानं परत उघडलं नाही.

तोवर छंद घरांत शिरलेला होता. कुर्ला आणि क्रॉफर्ड मार्केटमधून प्लास्टिकच्या पिशवीत ऑक्सिजन भरून मासे गावोगाव जायला लागले. आणि इथे नगरकरांनी गुरामीची खरी किंमत ओळखली. २००५ नंतरची काही वर्षं आठवा, किंवा घरच्यांना विचारा. लोडशेडिंग! तासन्‌तास वीज नाही, पंप बंद. गोल्डफिश धापा टाकायचे. गुरामी वर यायचा, एक घोट हवा घ्यायचा आणि परत पानांत जाऊन बसायचा. बोटीवर जे त्याच्या कामी आलं तेच इथे आलं.

मग हा चिवट मासा मरायला का लागला?

आता दुसरा प्रश्न. सिंगापूर आणि आग्नेय आशियातल्या मत्स्यफार्मांवर छोट्या गुरामीची मोठ्या प्रमाणावर पैदास सुरू झाली. निवडून निवडून वीण घेतली आणि नवे रंग आले: पूर्ण निळा 'पावडर ब्लू', पूर्ण लाल 'फ्लेम रेड', चमकता 'निऑन'. दिसायला देखणे. पण एकेका हौदात खच्चून मासे, आणि त्यांच्यात एक विषाणू पसरला. त्याचं नाव 'ड्वार्फ गुरामी इरिडोव्हायरस'. मासा मलूल होतो, खाणं सोडतो, रंग उतरतो, कधी पोट फुगतं, आणि मरतो. यावर औषध नाही. तेव्हा 'मी पाणी नीट बदललं नाही का?' म्हणून स्वतःला दोष देत बसू नका. बऱ्याचदा मासा रोग घेऊनच घरात येतो.

ही नुसती टँकपुरती गोष्ट नाही. २००३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात एका फार्मवर मरे कॉड माशाची पिल्लं मोठ्या संख्येनं मेली. मरे कॉड म्हणजे तिथल्या नद्यांचा मानाचा मासा. संशोधकांनी विषाणू तपासला तर तो आशियातून आलेल्या, दुकानांत मेलेल्या छोट्या गुरामींमधल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. २०१६ पासून ऑस्ट्रेलियानं आयात होणाऱ्या गुरामींच्या तुकड्यांची या विषाणूसाठी तपासणी सुरू केली.

बंगालच्या भातखाचरातला मासा जग फिरून 'इम्पोर्टेड' म्हणून परत आला, तो हे दुखणं घेऊन. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आजचा भाग त्यासाठीच केलाय: या माशाचा इतिहास आपण आपल्या घरात थोडा तरी उलटा फिरवू शकतो. मूळ रंगाची किंवा हनी गुरामीची निरोगी जोडी घ्यायची, वीण घरीच घ्यायची, आणि पिल्लं आपल्याच गावातल्या मित्रांना द्यायची. तेवढे मासे तरी फार्मच्या साखळीबाहेर राहतात.

नगरच्या घरात घरटं

कसं करायचं? थोडक्यात सांगतो.

एक, जोडी आणली की महिनाभर वेगळ्या टबमध्ये ठेवा. जाळी, पाइप, काहीच सामाईक नको. नर ओळखणं सोपं: रंग गडद आणि पाठीवरचा पर मागे टोकदार. मादी चंदेरी-फिकी, पर गोलसर.

दोन, दीड-दोन फुटांची टाकी पुरते. विणीसाठी पाणी फक्त सहा-सात इंच, तापमान २८ अंशांच्या आसपास. पंपाचा प्रवाह जवळपास बंद, कारण लाटेनं घरटं फुटतं. वर तरंगणारी झाडं हवीतच. छोट्या गुरामीचा नर बुडबुड्यांत झाडांचे तुकडे गुंफून घरटं पक्कं करतो. हायड्रिलाच्या काड्याही चालतात. हनी गुरामी एवढी काडीकाडी करत नाही, फेसावर भागवतो. नगरच्या बोअरचं पाणी जड असतं, त्यात गाळलेलं पावसाचं किंवा आरओचं पाणी मिसळलं तर उत्तम.

तीन, हंगाम. निसर्गात हे मासे पावसाळ्यात, भरलेल्या खाचरांत आणि डबक्यांत वितात. आपल्याकडे जून-जुलै सर्वांत सोयीचे. नर मादीला वेढा घालतो, अंडी तेलकट आणि हलकी असतात, ती वर तरंगतात. वीण झाली की मादीला बाहेर काढा, कारण नर तिला घरट्याजवळ येऊ देत नाही, मारतो. अंडी साधारण दीड दिवसात फुटतात. आणखी दोन-तीन दिवसांनी पिल्लं पोहायला लागली की बापालाही रजा द्या.

चार, खरी परीक्षा पुढे. पिल्लं टाचणीच्या टोकाहून बारीक. बाजारातलं खाद्य त्यांच्या तोंडात मावत नाही. म्हणून आठवडाभर आधीच बाटलीत टाकीचं पाणी आणि कोबीचं पान टाकून उन्हाच्या कडेला ठेवा. त्यात जे सूक्ष्मजीव वाढतात, इन्फुसोरिया, तेच पहिलं अन्न. आठवडा-दहा दिवसांनी नुकते फुटलेले आर्टेमिया.

पाच, झाकण. पिल्लांचा तो चक्रव्यूह तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तयार होतो आणि ती पहिल्यांदा वरची हवा घेतात. ती हवा उबदार आणि दमट असावी असं जुने पाळणारे बजावतात. त्याच जिल्ह्यात घाटघरला धो धो पाऊस असतो आणि पाथर्डी-जामखेडला हवा कोरडी ठणठणीत. नगर शहर दुसऱ्या बाजूचं. तेव्हा काचेवर घट्ट झाकण ठेवा, खाली वाफ धरू द्या.

शेकडो अंड्यांतली वीस-पंचवीस पिल्लं जगली तरी पहिल्या खेपेला छान समजा.

आणि एक विनंती, मनापासून. पिल्लं जास्त झाली म्हणून सीनेत, मुळा धरणात किंवा शेततळ्यात सोडू नका. मेलेला मासाही पाण्यात फेकू नका, मातीत पुरा. मरे कॉडची गोष्ट आत्ताच ऐकलीत.

तर मंडळी, पुढच्या वेळी दुकानात काचेमागे तो लाल पट्ट्यांचा मासा दिसला आणि कोणी 'इम्पोर्टेड' म्हणालं, तर त्यांना सांगा, याचं जुनं नाव खलिशा. तुमच्याकडे कोणी घरी गुरामीची वीण घेतली असेल तर पाणी कुठलं होतं, महिना कुठला होता आणि किती पिल्लं जगली, हे तिन्ही आकडे आम्हाला कळवा. नगर, बीड, सोलापूरच्या पाण्यावर काय जमतं याची आपली आपण एक यादी करू. भेटू पुढच्या भागात. रामराम!